एकोणचाळिशीचा धसका

प्रश्न : माझ्या मिस्टरांना गेल्या महिन्यात ३९ पूर्ण झाली. धाकट्या दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकली : थोरले बाजीराव, आगरकर, विवेकानंद, केशवसुत, गुरुदत्त, सगळे म्हणे ३९ व्या वर्षी गेले. तेव्हापासून सासूबाईंनी त्र्यंबकेश्वरला महामृत्युंजय जप करण्याचा धोशा लावलाय. या वयात खरंच काही असतं का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : ताई, आधी त्या यादीतून आगरकरांना बाहेर काढा. १८९५ मधून १८५६ वजा केले की ३९ येतात, पण महिने कोण बघणार? जन्म १४ जुलैचा, मृत्यू १७ जूनचा. एकोणचाळीस भरायला महिना कमी पडला, म्हणजे गेले ते ३८ चे, दम्याने. त्यांच्याहून नऊच दिवसांनी धाकटे असलेले टिळक ६४ वर्षं जगले, हेही दिरांना कळवून टाका.

बाकीचे चौघे हिशेबात बसतात. केशवसुतांच्या जन्मतारखा दोन सांगतात, १५ मार्च आणि ७ ऑक्टोबर. पण दोन्ही १८६६ च्याच, आणि ते गेले ७ नोव्हेंबर १९०५ ला. कशीही मोजा, ३९ च. यादी वाढवायचीच तर पियानोवाला शोपँ, गणिती रीमान, मार्टिन ल्यूथर किंग आणि चे गव्हेरा यांनाही घाला. (हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवू नका.)

आता कोण कशाने गेलं ते बघा. बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला, ऐन एप्रिलात, तापाने. केशवसुत हुबळीला, प्लेगने. किंग यांना मेम्फिसमध्ये गोळी घातली, चे गव्हेराला बोलिव्हियात. गुरुदत्तच्या बाबतीत दारू आणि झोपेच्या गोळ्या. विवेकानंदांना दमा होता, शिवाय मधुमेह. ते गेले १९०२ साली आणि इन्सुलिन सापडलं १९२१ मध्ये. तिकडे ताप, इकडे बंदूक, यात ३९ या आकड्याने काय केलं? आकडा आधी धरला आणि माणसं मागून गोळा केली, की कुठल्याही वयाची यादी तयार होते. ७३ घ्या. आपले दादासाहेब फाळके ७३ चे होऊन इथे नाशकात गेले, डार्विनही ७३ चा होता. त्र्याहत्तरीला घाबरून कोणी जप घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

फाळक्यांचं नाव निघालंच आहे तर त्यांचं वय जरा जवळून बघा. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. एकोणचाळिशी सरेपर्यंत फोटोग्राफी झाली होती, छापखाना झाला होता, पण सिनेमाचा पत्ता नव्हता. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला ३ मे १९१३ ला, म्हणजे त्रेचाळीस पुरी होऊन तीन दिवस झाले होते. त्यानंतर बिऱ्हाड नाशकात आलं. हा माणूस तुमच्या दिरांच्या यादीत बसला असता, तर पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक कोणाचं बांधलं असतं?

जपाला माझी ना नाही. सासूबाईंना बरं वाटेल, आणि पावसाळ्यात गेलात तर ब्रह्मगिरीही हिरवागार दिसेल. विवेकानंदांच्या साखरेचा मुद्दा मात्र सोडू नका. मिस्टर कंपनीत शिफ्ट करत असतील तर जेवणाच्या वेळांचा पत्ता नसणार. सासऱ्यांना मधुमेह होता का, हे सासूबाईंनाच विचारा. असेल तर त्र्यंबकच्या आधी लॅब गाठा आणि रक्तदाबही बघून घ्या. साखर दोनदा तपासतात, एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यावर दोन तासांनी. पहिली सुई टोचून झाली की त्यांना मिसळ खाऊ द्या. पाव मात्र तुम्ही मोजा.