गळ्यात कंठी तो वेगळा, अंगावर ठिपके तो वेगळा

प्रश्न : आमच्या शेताला लागून पडीक माळ आहे. तिथं तित्तर दोन तऱ्हेचे दिसतात. एक मातकट राखाडी, गळ्याला बारीक काळी रेघ. दुसरा काळपट, अंगभर पांढरे ठिपके. हा मात्र पावसाळ्यातच. वडील म्हणतात, ठिपक्यांचा तो नर आणि दुसरी मादी. बरोबर का?
– एक शेतकरी, ता. येवला

उत्तर : वडिलांना नमस्कार सांगा, पण या बाबतीत मी त्यांच्या बाजूनं नाही. मोर-लांडोर पाहिलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. तुमच्या माळावर मात्र दोन वेगळ्या जाती नांदताहेत: राखी तित्तर आणि चित्रांग तित्तर.

राखी तित्तराचे नर-मादी दिसायला जवळपास सारखेच. फिकट गळ्याभोवतीची काळी कंठी दोघांनाही असते. नर ओळखायचा तो पायामागच्या टोकदार काट्यावरून, आणि तो दिसेल इतका जवळ हा पक्षी तुम्हाला येऊ देणार नाही. चित्रांगला कंठी नाही. त्याचा चेहरा विटकरी, काळ्या अंगावर टपोरे पांढरे ठिपके. मादीचा गळा जरा पांढुरका. याच्या नराला काटाही नसतो. दोघेही उडण्यापेक्षा पळणं पसंत करतात. अगदी पायाशी गेलात की भर्रकन उठतात. तेव्हा शेपटीकडे बघा. राखीची तांबूस झळकते, चित्रांगची काळसर. काही जण चित्रांगलाच ‘काळा तित्तर’ म्हणतात, पण खरा काळा तित्तर उत्तर भारतातला. आपल्याकडे तो नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, ‘पावसाळ्यातच’. चित्रांग कुठून येत नाही आणि कुठं जात नाही. बारा महिने तो इथंच असतो, फक्त गप्प असतो. पाऊस पडला, गवत वाढलं, की त्याचा विणीचा हंगाम सुरू होतो आणि नर पहाटे वारुळावर, खुंटावर, नाहीतर झाडाच्या फांदीवर चढून ओरडू लागतो: चिक्-चीक्-चिक्-केरेऽ. तेल न मिळालेल्या बिजागरीसारखा चिरका आवाज. उघड्यावर बसतो म्हणून दिसतो. हंगाम संपला की पुन्हा गवतात. मी स्वतः चित्रांग आधी ऐकत आले आणि पाहिला पुष्कळ उशिरा, तोही सिन्नरकडे यजमानांनी फटफटी बंद केल्यावर. इंजिन चालू ठेवून पक्षी शोधणाऱ्यांबद्दल मी इथं काही लिहीत नाही.

राखीचं तसं नाही. तो वर्षभर ‘का-टी-तर, टी-तर’ करत असतो. एकानं सुरू केलं की दुसऱ्या बांधावरून उत्तर येतं. त्याला कोरडी काटेरी झुडपं, बांध, पडीक रान चालतं, म्हणून येवला-सिन्नर पट्ट्यात तो घरचाच. रात्री बाभळीसारख्या काटेरी झाडात एकत्र बसतात. चित्रांगला जरा दाट गवत आणि थोडा जास्त ओलावा लागतो. तुमच्याच तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी राखीव गवताळ रान आहे. श्रावणात भल्या पहाटे त्या बाजूला गेलात तर आधी कान द्या, दुर्बीण नंतर.

वडिलांना पटवायचं असेल तर वाद घालू नका. राखी तित्तराची जोडी पिलं घेऊन फिरताना दाखवा: दोघांच्याही गळ्यात कंठी!

प्रश्न : बांधाचं गवत कापताना तित्तराची अंडी सापडली. घरच्या कोंबडीखाली ठेवू का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : नको. तित्तराला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे; अंडी उचलणं, पिलं पाळणं दोन्ही गुन्हाच. शिवाय पिलं अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच आईमागं पळू लागतात आणि वाळवी, किडे टिपायला शिकतात. खुराड्यात ते कुठून मिळणार? अंड्यांना हात लावू नका. घरट्याभोवतीचं गवत तसंच उभं ठेवा आणि कापणी पलीकडून सुरू करा. कुत्रा सोबत असेल तर त्याला त्या बांधाला फिरकू देऊ नका. पिलं निघून गेली की उरलेलं गवत कापा.