मासेमारीचा पहिला रॉड घेताय? आधी एवढं ऐका

डॅलसच्या दुकानात रॉडची भिंतच्या भिंत बघून मीही गांगरलो होतो. बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या नादाला लागताय, तर सध्या एकच संच घ्या: साडेसहा-सात फुटी मीडियम पॉवरचा (मध्यम कडक) स्पिनिंग रॉड (रील खाली लटकतं तो), 2500 मापाचं रील, 8 पौंडी मोनो लाइन (8 पौंड ताण सोसणारी एकेरी नायलॉनची दोरी). बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं रील) दिसतं देखणं, पण स्पूलवर, म्हणजे लाइनच्या चकरीवर, अंगठा बसेपर्यंत लाइनचं घरटं होतं. माझा एक अख्खा रविवार ते सोडवण्यात गेला!

लुअर (नकली आमिषं) तीनच:
- पाच इंची मऊ प्लास्टिकची अळी, शेवाळी रंगाची
- गढूळ पाण्यासाठी स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्याचं)
- पहाटे आणि तिन्हीसांजेला पॉपर (पाण्यावर तरंगत बुडबुड आवाज करणारं)

हुक अळीच्या मधोमध ओवा, टाका आणि हात आवरा. ती थरथरत आपोआप बुडते. नवखे इथेच घाई करतात, लगेच रील फिरवतात. सैल लाइन बाजूला सरकली की माशाने अळी उचललीच समजा.

दुसरी चूक म्हणजे तळ्याच्या मध्यावर लांब फेकणं. मासा बहुतेक वेळा काठाशी, गवतात, बुडालेल्या ओंडक्याला चिकटून असतो.

आणि हो, सतरा पूर्ण असतील तर टेक्सासचा परवाना आधी काढा. बोटीचं नंतर बघू.