टावी आत्ता करावी की सुधारलेल्या वॉल्वसाठी थांबावं?

तुमचे बाबा ७७ वर्षांचे, एओर्टिक वॉल्व, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप, खूप अरुंद झालाय, जिना चढताना दम लागतो, डॉक्टर टावी करा म्हणतात, म्हणजे छाती न उघडता बहुधा मांडीच्या शिरेतून नळी घालून नवा वॉल्व बसवा. आणि तुम्ही विचारताय, दोन वर्षं थांबलं तर आणखी चांगला वॉल्व मिळेल का?

मिळेल. पण तो बसवून घ्यायला बाबा असतील का, ते आधी बघा.

२०१३ सालची गोष्ट. आम्ही गिरगावात राहायचो, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वाकून चपलेचा अंगठा सारखा करायचे. रोज. चप्पल तर दिवाळीत घेतलेली. चर्नी रोडच्या पुलावर मध्येच उभे राहून पेपर उघडायचे. एक दिवस मोरीत चक्कर येऊन पडले, तेव्हा इको झाला. निरोगी माणसाचा वॉल्व उघडतो तीन-चार चौरस सेंटिमीटर, बाबांचा जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर उघडत होता. फुप्फुसं कमजोर, ओपन हार्ट झेपणार नाही, म्हणून टावीचं नाव निघालं. दादा म्हणाला, "तंत्र नवीन आहे, दोन वर्षांत सुधारेल, मग करू." मी गप्प बसले. सातव्या महिन्यात बाबा गेले.

तंत्र सुधारलं, दादाचं तेवढं खरं. सुरुवातीला मांडीतून जी नळी घालायचे ती २२-२४ फ्रेंचची, म्हणजे सात-आठ मिलिमीटर. म्हाताऱ्या माणसाची शीर फाटायची भीती. आता बरेचसे वॉल्व १४ फ्रेंचमधून जातात. माप सीटी स्कॅनवर घेतात, वॉल्वला बाहेरून कापडी झालर असते, त्यामुळे कडेची गळती खूप कमी झाली. २०१९ च्या पार्टनर ३ चाचणीत तर ओपन हार्ट सहज झेपेल अशा रुग्णांमध्येही मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा भरती व्हावं लागणं असं सगळं मिळून वर्षभरात टावीत ८.५ टक्के निघालं, ऑपरेशनमध्ये १५.१. पाच वर्षांनी मात्र दोन्हीत ठळक फरक उरला नाही.

पण माझ्या बाबांसारख्यांवरच्या पहिल्या पार्टनर चाचणीचे आकडे २०१० मध्येच छापून आले होते. टावीशिवाय ठेवलेल्यांपैकी वर्षात ५०.७ टक्के गेले, टावी केलेल्यांपैकी ३०.७. म्हणजे त्या जुन्या, जाड नळीच्या वॉल्वनेही शंभरात वीस माणसं राखली. हे मी दादाला अजून समजावू शकलेले नाही.

२०२२ मध्ये आत्याचा वॉल्व तसाच निघाला. वय ८१. दादाचं तेच वाक्य. या वेळी सही मी केली, एफडी आत्यानेच मोडायला लावली. भूल न देता, फक्त जांघ बधिर करून झालं. संध्याकाळी जांघेवर तळहाताएवढी पट्टी होती आणि आत्या चहा मागत होती.

आता तुमचं. पेसमेकर लागू शकतो, ते आधीच विचारून घ्या. काही वॉल्वमध्ये हे प्रमाण जास्त असतं. वय पासष्टच्या आत असेल किंवा वॉल्वला जन्मतः दोनच पाकळ्या असतील, तर मी म्हणते ते तसंच्या तसं लागू करू नका, तिथे ओपन हार्ट बरं पडू शकतं. कंपनी कुठली, ते डॉक्टर सीटी बघून ठरवतील. वापीचा मायवल वॉल्व २०२४ च्या लँडमार्क चाचणीत ३० दिवसांच्या निकालात परदेशी वॉल्वपेक्षा कमी पडला नाही, तेव्हा देशी म्हणून नाक मुरडू नका.

आणि चक्कर येते का, छातीत दाटतं का, हे बाबांना एकटं गाठून विचारा. आईसमोर विचारू नका. माझे बाबा तिच्यासमोर कायम "काही नाही" म्हणायचे.