घरी धुतलेल्या स्लाइड काळपट आल्या: एक्सपोजर चुकलं की डेव्हलपिंग?

स्लाइड (फिल्मवरच थेट खऱ्या रंगात दिसणारं चित्र) काळपट आली, तर आधी चित्रं बाजूला ठेवा आणि फिल्मच्या कडेवरचे फ्रेमचे आकडे बघा. ते कारखान्यातच छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. लॅबमधून धुऊन आलेली त्याच फिल्मची एखादी पट्टी शेजारी धरा. आकडे तिच्यासारखेच उजळ असतील, तर एक्सपोजर कमी पडलं. आकडेही मंद असतील, तर दोष धुण्यात आहे. हे सगळं फिल्म पूर्ण वाळल्यावरच करा, कारण ओली स्लाइड दुधाळ दिसते आणि फसवते.

धुण्यातला दोष बहुतेक वेळा फर्स्ट डेव्हलपरचा असतो. निगेटिव्हची सवय असेल तर इथे गणित उलटं आहे. फर्स्ट डेव्हलपर उजेड लागलेल्या भागाची काळी-पांढरी निगेटिव्ह बनवतो आणि उरलेल्या सिल्व्हर हॅलाइडमधून (फिल्ममधलं उजेड टिपणारं चांदीचं संयुग) पुढे कलर डेव्हलपरमध्ये रंग तयार होतो. त्यामुळे डेव्हलपिंग कमी झालं की स्लाइड गडद, जास्त झालं की फिकी. तीन बाथच्या किटमध्ये (फर्स्ट डेव्हलपर, कलर डेव्हलपर, ब्लिक्स) ही पायरी साधारण ३८ अंशांना साडेसहा मिनिटांची असते (नेमका वेळ तुमच्या किटच्या पत्रकातला धरा). तापमानात अर्ध्या अंशाचा फरकही स्लाइडवर दिसू शकतो. गार टँकमध्ये (फिल्म धुण्याचा उजेडबंद डबा) ३८ अंशांचं रसायन ओतलं की त्याचं तापमान लगेच उतरतं. म्हणून टँक आणि फिल्म आधी ३८ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं गरम करा, बाटल्या गरम पाण्याच्या टबात ठेवा आणि टँकही मधल्या वेळात त्याच टबात राहू द्या. रसायन पुन्हा वापरत असाल तर दर रोलमागे वेळ वाढवावा लागतो. पत्रकातला तो तक्ता बरेच जण वाचतच नाहीत.

फर्स्ट डेव्हलपरनंतरची धुलाई त्याच तापमानाच्या पाण्याने, पाणी अनेकदा बदलून करा. फर्स्ट डेव्हलपर कलर डेव्हलपरमध्ये गेला तर काळे भाग विरळ पडतात.

काळपटपणात राखाडी मळकटपणा असेल, तर ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र, फिल्ममधली चांदी काढून टाकणारं रसायन) अपुरा पडून चांदी मागे राहिलेली असू शकते. ही चूक दुरुस्त होते: ताज्या ब्लिक्समध्ये पुन्हा बुडवा, धुवा, शेवटचा स्टॅबिलायझर द्या. उजेडात केलं तरी चालतं. टँक हलवताना झाकण मधूनमधून सैल करा, ब्लिक्सचा वायू साचतो.

आकडे उजळ असतील, म्हणजे एक्सपोजर कमी पडलं असेल, तर निसर्गचित्रात बहुतेक वेळा उजळ आभाळाने मीटरला फसवलेलं असतं. स्पॉट मीटरने (दृश्याचा छोटासा भागच मोजणारा मीटर) तपशील हवा असलेला सर्वांत उजळ ढग मोजा आणि तो मधल्या राखाडीपेक्षा दीड ते दोन स्टॉप वर ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). मग जमीन मोजा. ती मधल्या राखाडीच्या दोन स्टॉपहून जास्त खाली जात असेल, तर दोन किंवा तीन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड एनडी (वर गडद, खाली पारदर्शक असलेला फिल्टर) आभाळावर लावा. जमिनीसाठी नुसतं एक्सपोजर वाढवलंत तर ढग कोरे होतील, आणि कोरी स्लाइड कुठल्याच रसायनाने भरून येत नाही.