मेटिकल की मेतिकाल?

प्रश्न असा होता की मोझांबिकच्या चलनाचं नाव मेटिकल लिहायचं की मेतिकाल, आणि हा शब्द पोर्तुगीजच ना? माझ्या मते मेतिकाल लिहावं, कारण तिथल्या पोर्तुगीजमध्ये त आहे, ट नाही, आणि जोर शेवटच्या अक्षरावर येतो. मेटिकल हे निव्वळ इंग्रजी स्पेलिंग वाचून आलेलं रूप. एकाहून जास्त असले की ते लोक मेतिकाइश म्हणतात, पण आपण शंभर मेतिकाल म्हटलं तरी चालतंय की, आपण शंभर रुपयेच म्हणतो, रुपीज थोडीच म्हणतो.

पण शब्द मुळात पोर्तुगीज नाहीच, अरबी आहे! मिथ्काल म्हणजे वजन, साधारण सव्वाचार ग्रॅमचं, सोनं तोलायचं, आपल्याकडे तोळा तसं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोफाला बंदरात आतल्या पठारावरचं सोनं यायचं, त्याच्या बदल्यात गुजरातचं कापड आणि मणी जायचे, आणि हिशोब मिथ्कालमध्ये. 1505 मध्ये पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधला तेव्हा हे माप आधीपासून चालू होतं, त्यांनी ते तसंच उचललं आणि आपल्या कागदपत्रांत लिहायला लागले. आणि हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, पण 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, म्हणजे सोफालाच्या सोन्यावर हुकूम गोव्याच्या व्हाइसरॉयचा!

नंतर 1914 पासून मोझांबिकमध्ये एस्कुदो हे चलन आलं, पोर्तुगालचंच, त्याचा अर्थ ढाल. गोव्यातही 1950 च्या दशकाच्या शेवटी रुपया जाऊन हाच एस्कुदो आला होता, जुन्या गोवेकरांना आठवत असेल. मोझांबिक 25 जून 1975 ला स्वतंत्र झालं तरी एस्कुदो पाच वर्षं चाललाच, मग पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्या सरकारने 16 जून 1980 ला तो बदलून मेतिकाल आणला, एकास एक. ही तारीख उगाच नाही हां, 1960 मध्ये याच दिवशी मुएदा गावात पोर्तुगीजांनी जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. मला हे फार मोठं वाटतं, वसाहतवाल्यांचं नाव काढून त्यांच्या आधीचं, त्याच किनाऱ्यावरच्या व्यापाराचं नाव परत आणणं.

पुढे महागाईने इतके शून्य वाढले की 2006 मध्ये हजार जुन्यांचा एक नवा मेतिकाल केला, नाव मात्र तेच. सुट्ट्या पैशांना अजून सेंतावो म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजच.