आधी प्रमाणपत्राची तारीख बघा, दहावीचं मग

ताई, मुलगा आठवीत, अध्ययन अक्षमतेचं (लेखन-वाचनातल्या अडचणींचं) प्रमाणपत्र तिसरीत काढलेलं आणि शाळा म्हणते, "सवलतींचं दहावीत बघू." तुमचं हे वाचून पोटात गोळाच आला. लेकीच्या वेळी आम्हीही हेच ऐकलं होतं.

सवलती तुम्हाला ठाऊक असणारच (लेखनिक, म्हणजे मूल सांगेल तसा पेपर लिहिणारा, तासामागे 20 मिनिटं जादा वगैरे), त्यात शिरत नाही. आधी तारीख बघा. केंद्राच्या सूचनांप्रमाणे या मुलांची तपासणी आठव्या, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी होते. चौदावं नेमकं आठवी-नववीत येतं, म्हणजे तिसरीतल्या कागदावर दहावी निभेल असं धरून चालू नका.

सवलतींसाठीचा आमचा प्रस्ताव इथेच अडला, पण तसं कुणी सांगेल तर शपथ! एका कार्यालयात (नाव घेत नाही) खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्रावरचा लहानपणीचा फोटो बघितला, मग लेकीकडे, "ही तीच का?" म्हणाल्या आणि फाईल परत सरकवली. "त्रुटी आहे." कोणती? "शाळेला कळवू." शाळेत विचारलं तर, आम्हाला काही आलं नाही. लेखी द्या म्हटलं तर, "असं लिहून देत नसतो आम्ही." या टोलवाटोलवीत सहामाही गेली, पूर्वपरीक्षाही गेली. तोंडपाठ इतिहासाचा पेपर पोरगी अर्धा कोरा ठेवून आली. तो राग अजून गेलेला नाही.

तेव्हा कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शाळेलाही लेखीच द्या. अर्जात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 घाला. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं त्यात आहे. कलम दिसलं की समोरच्याचा सूर बदलतो. अर्थात मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, मंडळाचं चालू परिपत्रक मागून घ्याच.

"विशेष शाळा बघा" असा सल्ला देणारे भेटतीलच. प्रत्येक मूल वेगळं, पण निव्वळ लेखन-वाचनाच्या अडचणीसाठी शाळा बदलायला माझा ठाम विरोध आहे.

आणि लेखनिकाची सवय आत्तापासून लावा, तीही अनोळखी मुलाबरोबर. गणिताच्या सरावात लेकीनं "एकोणसाठ" सांगितलं, लेखनिकानं 69 लिहिलं. मग ती "पाच, नऊ" असे सुटे आकडे सांगायला लागली. भूमितीच्या आकृत्यांचं काय करायचं, तेही शाळेला आधीच विचारून ठेवा.