जानेवारीच्या शेवटी आई-बाबांना घेऊन अमेरिकेत मिनियापोलिसला चाललोय. त्या थंडीत फिरण्यासारखं काही असतं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून दहा दिवसांसाठी भावाकडे येताय, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी आहे, आणि ओळखीच्यांनी ‘जानेवारीत येऊच नका, आलातच तर मॉल बघा’ असं सांगितलंय. मी मूळची रत्नागिरीची. मिनियापोलिसमधला हा माझा चौदावा हिवाळा. माझं मत अगदी उलट आहे. उन्हाळा तुम्हाला कुठेही मिळेल, पण तळ्यावरून चालत पलीकडे जायचं असेल तर जानेवारीच लागतो.

म्हणून सगळ्यात आधी तळं. शहराच्या आतच बडे मका स्का, लेक ऑफ द आयल्स, लेक हॅरिएट, नोकोमिस अशी मोठी तळी आहेत, आणि जानेवारीत त्यांच्यावर लोक कुत्री फिरवतात, स्कीइंग करतात, पोरं हॉकी खेळतात. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा हॅरिएटच्या काठावर दहा मिनिटं नुसती उभी होती. समुद्राकाठी जन्म गेलेला, त्यामुळे ‘पाण्यावर पाय ठेवू कशी?’ एवढंच म्हणत राहिली. मग खाली वाकली आणि हातमोज्याने वरचा भुरभुरीत हिम बाजूला सारला. खाली काळाभोर, काचेसारखा बर्फ. त्यात हवेचे पांढरे बुडबुडे गोठलेले, एकावर एक रुपये रचून ठेवावेत तसे. आणि आरपार गेलेले तडे. तडे बघून ती घाबरली, पण त्या तड्यांमुळेच बर्फ किती जाड आहे ते डोळ्यांना दिसतं. मग चालत चालत मध्यापर्यंत आली. ऊन उतरायला लागलं तसं तळ्याच्या पोटातून लांबवर ‘डूंऽऽ’ असा आवाज गेला. तापमान बदललं की बर्फ आकसतो, ताणतो, त्याचा हा आवाज. ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, पण तेवढ्याने बर्फ फुटत नाही. आईने तो आवाज घरी फोन करून सगळ्यांना तोंडाने काढून दाखवला होता.

आता सुरक्षिततेचं. चालण्यासाठी निदान चार इंच चांगला, पारदर्शक बर्फ लागतो. जानेवारीच्या अखेरीस सहसा त्याहून बराच जास्त असतो, तरी पुलाखाली, तळ्यांना जोडणाऱ्या कालव्यांवर आणि ओढा येऊन मिळतो तिथे कधीच जाऊ नका, वाहत्या पाण्यावर बर्फ पातळ राहतो. बाकीच्यांची पावलं जिथे उमटलीत तिथूनच चाला. प्रत्येक हिवाळा सारखा नसतो. 2024 चा इतका उबदार गेला की तळ्यावरचे कार्यक्रम गुंडाळावे लागले. तेव्हा येण्याआधी त्या आठवड्याची बातमी बघा.

तुमच्या तारखा मला फार आवडल्या, कारण नेमक्या त्याच दिवसांत लेक हॅरिएटवर आर्ट शँटी मांडतात. मासेमारीसाठी बर्फावर ज्या झोपड्या उभारतात, तशाच झोपड्या कलाकार बांधतात आणि आत काहीबाही करतात: कुठे नाच, कुठे वाचन, कुठे सगळ्यांनी मिळून काहीतरी बनवणं. मुलीला तिथून बाहेर काढणं अवघड जाईल. याच तळ्यावर जानेवारीत पतंगोत्सवही होतो. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, डब्यात तिळगूळ शिल्लक असतो, आणि पायाखाली गोठलेलं तळं. ना झाड, ना विजेची तार, मोकळं आभाळ. आम्ही दरवर्षी जातो. मांजा मात्र आणू नका. इथे साध्या दोऱ्याचे, वाऱ्यावर आपोआप तरंगणारे मोठे पतंग उडवतात, काटाकाटी नसते.

फेब्रुवारीचा पहिला शनिवार गाठता आला, तर लेक ऑफ द आयल्सवरचा ल्युमिनरी लॉपेट चुकवू नका. रात्री बर्फावर काही किलोमीटरची वाट आखतात आणि तिच्या दोन्ही कडांना बर्फाच्याच पोकळ भांड्यांत मेणबत्त्या लावतात. शेकडो दिवे, आणि एरवी अंधार. मला त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर लावलेले दिवे आठवतात, फक्त इथे आपण पाण्याच्या काठावर नसतो, पाण्यावर असतो. तिकीट आधी काढावं लागतं. तारीख दरवर्षी थोडी पुढे-मागे होते, ती बघून घ्या.

शेजारच्या सेंट पॉलमध्ये याच सुमारास विंटर कार्निव्हल असतो. त्याची गोष्ट बाबांना नक्की सांगा. 1885 मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या एका बातमीदाराने लिहिलं की सेंट पॉल म्हणजे दुसरा सायबेरिया, माणसाने राहण्यालायक नाही. गावकऱ्यांनी उत्तर म्हणून 1886 मध्ये बर्फाचा महाल उभारला आणि उत्सव केला. तो उत्सव आजही चालतो. राइस पार्कमध्ये बर्फाचे पुतळे, रात्रीची मशालींची मिरवणूक, आणि 1952 पासून चालत आलेली पदकाची शोधाशोध. वर्तमानपत्रात रोज एक कोडं छापून येतं, पदक कुठल्यातरी सार्वजनिक बागेत दडवलेलं असतं. उणे पंधरात लोक डोक्याला दिवे लावून फावड्याने हिम उपसताना दिसतील, शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत. या शहराला हिवाळा किती मनापासून आवडतो ते कळायला तेवढं एक दृश्य पुरे.

मासे खात असाल तर एक दिवस बर्फावरच्या मासेमारीला द्या. मिल लॅक्स नावाचं अवाढव्य तळं शहरापासून दोनेक तास उत्तरेला आहे. तिथले रिसॉर्टवाले बर्फावरची झोपडी तासांवर भाड्याने देतात, आत शेगडी असते. गिरमिटासारखं लांब यंत्र फिरवून बर्फाला भोक पाडतात, त्यात हातभर लांबीची छोटी काठी घेऊन गळ सोडायचा आणि बसायचं. सोळा वर्षांपासून पुढे परवाना लागतो, पाहुण्यांसाठी एका दिवसाचाही मिळतो. वॉलआय नावाचा मासा लागला तर नशीब समजा. काटे कमी, मांस पांढरं आणि गोडसर. इथले लोक मैद्यात घोळवून तळतात. मी हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवते, आणि एकदा त्या झोपडीतच तळून शेजारच्या झोपडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला नेऊन दिला होता. त्यांनी बशी परत केली ती स्वतःच्या बागेतल्या सफरचंदांच्या जॅमची बाटली ठेवून.

मिनेहाहा धबधबा 53 फुटांचा आहे आणि तो पूर्ण गोठतो, निळसर खांब लटकावेत तसा. वरच्या कठड्यावरून बघा. बर्फाच्या पडद्यामागे शिरलेली माणसं दिसतील, तुम्ही जाऊ नका, हिवाळ्यात तो जिना बंद असतो आणि वरून सुळके तुटून पडतात.

आई-बाबा थकले की कोमो पार्कचं काचघर. 1915 चं आहे, आत प्रवेश घेतला की चष्म्यावर वाफ धरते आणि नाकात ओल्या मातीचा वास शिरतो. ताड, नेची, फुलांची बाग. प्रवेश मोफत, स्वेच्छेने देणगी देता येते. माझ्या आईला घराची आठवण आली की ती तिथेच चल म्हणायची. मिनियापोलिसचं कलासंग्रहालयही मोफत आहे, अर्धा दिवस सहज जातो. डाउनटाउनमध्ये स्कायवे आहेत, म्हणजे इमारती जोडणारे काचेचे बंद पूल, मैलोन्‌मैल, कोट काढून फिरता येतं. पण ते ऑफिसच्या वेळेत बघा, संध्याकाळी आणि सुट्टीला बरेच बंद असतात. मॉलबद्दल, म्हणजे मॉल ऑफ अमेरिकाबद्दल, मी काही सांगत नाही. विमानतळावरून ब्लू लाइन ही शहरातली रेल्वे थेट तिथे जाते, एक संध्याकाळ द्या आणि सोडा. मेपल ग्रोव्ह या उपनगरात गेलात तर तिथलं हिंदू मंदिर आणि तिथल्या सेंट्रल पार्कची स्केटिंगची वळणावळणाची वाट दोन्ही एका दिवसात होतील. स्केट्स तिथेच भाड्याने मिळतात.

आता कपडे, कारण सगळं यावरच ठरतं. या दिवसांत दुपारी साधारण उणे पाच, रात्री उणे तेरा सेल्सियस असतं, पण लाट आली तर उणे पंचवीसही होतं. आकाश निरभ्र, ऊन लख्ख असेल त्या दिवशी थंडी जास्त, हे लक्षात ठेवा. अंगालगत सुती बनियन नको, घाम शोषून ओलं राहतं आणि तेच गारठवतं. थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारा लांब कोट. सुट्या बोटांचे हातमोजे नकोत, चारही बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्या. पायात लोकरीचे मोजे आणि एक नंबर मोठा बूट, आत हवा खेळायला हवी. आई-बाबांच्या बुटांना रबरी पट्ट्यांवरचे काटे लावा, थंडीपेक्षा घसरून पडण्याची भीती मोठी आहे. यातलं काही पुण्यात विकत घेऊ नका, तिथे मिळतं ते इथे पुरत नाही. भावाला सांगा, मित्रांकडून उसनं गोळा करेल. आम्ही मराठी मंडळी पाहुण्यांसाठी कोट आनंदाने देतो. विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे पंचवीस फॅरनहाइटच्या (सुमारे उणे बत्तीस सेल्सियस) खाली दिसलं तर त्या दिवशी घरात थांबा, उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. एरवी दिवसात एकच बाहेरचा कार्यक्रम ठेवा, दुपारी अकरा ते तीनमध्ये. पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

आणि पोचलात त्याच संध्याकाळी भावाकडून एक बादली मागून घ्या. पाण्याने भरून मुलीच्या हाताने मागच्या अंगणात ठेवा. कडा आणि वरचा थर आधी गोठतो, मध्यभागी आणि तळाशी पाणी राहतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कडा बोटभर जाड होतील. बादली उलटी करा, बाहेरून थोडं कोमट पाणी ओता म्हणजे गोळा सुटून येतो. जो तळ होता तो आता वर आला, तिथला पातळ पापुद्रा फोडून आतलं पाणी ओतून टाका. त्या पोकळीत एक पणती लावा आणि घरातले दिवे बंद करून खिडकीतून बघा.